जावयाचा तिसरा आगीचा गोळा

माझ्या हातून आजवर एकच माणूस मेला आहे, आणि तो आमचा जावई आहे. (तब्येत उत्तम आहे.)

आमच्या घराण्यात पहिली पदवी मी आणली. नागपूरच्या होस्टेलातून तिच्याबरोबर आणखी एक वस्तू आणली, ती म्हणजे वीस बाजूंचा फासा. तो टाकून खेळायचा एक खेळ असतो. प्रत्येकानं कागदावर एक पात्र घ्यायचं, एकानं गोष्ट सांगत जायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून लढायचं. गोष्ट सांगणारा तोच पंच. होस्टेलात आम्ही रात्रंदिवस एकाच मुद्द्यावर भांडायचो, की सगळ्यात भारी पात्र कोणतं? माझं उत्तर पक्कं होतं. जादूगार. या विषयावर मी मेसमध्ये पाऊण तास बोललो आहे आणि माझी भाजी दुसऱ्यानं खाल्ली आहे.

तर त्या दिवशी आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे नवरे, वर्षाला न्यायला आमच्या घरी, सडक अर्जुनीला आले होते. वर्षा संक्रांतीला माहेरी आली होती. तिची बी.ए.ची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर होती, आणि तिकडे सासरी बिरसीला चौदा माणसांचं घर. पुस्तक उघडलं की कोणीतरी चहा मागायचंच. तिला परीक्षा होईपर्यंत इथंच राहायचं होतं. पण तिच्या सासूनं भाऊजींना बजावून पाठवलं होतं की तिला घेऊनच ये.

भाऊजींना विचारायचं कोणी? बाबांनी सकाळीच धोरण जाहीर केलं. जावयाला दिवसभर खूश ठेवायचं, कशालाही नाही म्हणायचं नाही आणि चारच्या चहाला हळूच विषय काढायचा. बस पाचची होती. जेवण झालं, पानसुपारी झाली, तरी दोन तास उरले. भाऊजी जांभया देऊ लागले. (बिरसीला विमानतळ आहे. त्यांच्या घरावरून दिवसभर शिकाऊ विमानं जातात, त्यामुळे त्यांना कशाचंच फारसं नवल वाटत नाही.) तेव्हा मी छाती काढून म्हणालो, की एक खेळ आहे.

सतरंजी टाकली. पात्रं चार होती: योद्धा, चोर, वैद्य आणि जादूगार. बाबांनी योद्धा घेतला. आईनं चोर घेतला. कुलूप उघडता येतं आणि कोणाला कळत नाही, हे ऐकून तिला ते पात्र फारच गुणी वाटलं. भाऊजींना अर्थातच मी जादूगार दिला, भारी पात्र म्हणून. उरला वैद्य. तो कोणालाच नको होता, म्हणून वर्षाला गेला.

मग मी समजावून सांगितलं. योद्धा म्हणजे विळा घेतलेला माणूस, एकेक पेंढी कापत जाणार. जादूगार म्हणजे हार्वेस्टर. आगीचा एक गोळा टाकला की धानाची अख्खी बांधी साफ! म्हणून तर नियमानं त्याला बांधून ठेवलं आहे. हार्वेस्टरचं डिझेल संपतं, तसा जादूगाराचा आगीचा गोळा दिवसातून एकदाच. तेवढा एक नियम काढला तर त्याच्यापुढे कोणी टिकणार नाही, असं मी बोट वर करून सांगितलं. बाबांनी मान डोलावली. त्यांना समजलं असं मला वाटलं.

राजाचा खजिना शोधायला सगळे दरोडेखोरांच्या गुहेत शिरले. पहिल्या गोळ्यात भाऊजींनी सहा दरोडेखोर जाळले आणि त्यांची झोप उडाली. पुढच्या वळणावर आणखी सहा निघाले. भाऊजींनी फासा उचलला. मी म्हणालो, आजचा गोळा संपला. भाऊजी म्हणाले, "नाई नाई, राहू द्या, चालते." मी पुढची गोष्ट सांगायला लागलो, तर आईनं डोळे वटारले.

"काऊन रे बाबू, पाहुण्याले एकच वाढतं का?"

"आई, ते नको म्हणाले."

"ते तसंच म्हणतेत," बाबा म्हणाले. "तू वाढ."

दुसरा गोळा वाढला. फासा पडला दोनवर, म्हणजे गोळा वाया. बाबांनी सतरंजीला सुरकुती पडली आहे असं सांगून फासा परत टाकायला लावला. पुढे पाचदा सुरकुती पडली. तोवर बाबांचा योद्धा तलवार म्यानातून काढून नुसता उभा होता, आणि आई मेलेल्या दरोडेखोरांचे खिसे तपासत होती. वर्षाकडे कोणी पाहतही नव्हतं. ती गुहेच्या तोंडाशी बसून राहते म्हणाली आणि खरोखरीच इतिहासाचं पुस्तक उघडून बसली.

मग आली शेवटची खोली. लहान, बंद, समोर एक दार, आणि त्या दारामागे राजाचा खजिना. आत एक म्हातारा पहारेकरी पेंगत होता. त्याला बाबांनी नुसतं ढकललं असतं तरी पुरे होतं. पण बाबा जावयाला आग्रह करत होते.

"घ्या जवाईबापू, अजून एक गोळा."

"बस झालं, मामाजी."

"माझ्यासाठी एक घ्याच."

आईनं तर हाताला धरून फासा त्यांच्या मुठीत दिला. भाऊजींनी नाइलाजानं टाकला. नेमका वीस! बंद खोलीत आगीचा गोळा फुटला की काय होतं, ते नियमांच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे, आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पहारेकरी गेला. बाबा गेले. आई गेली. इथं मी थांबायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला वाक्य अर्धं सोडवत नाही. मी म्हणालो, "आणि भाऊजी मेले."

 आईच्या हातातली सुपारी खाली पडली. जेवून उठलेल्या जावयाला, सासऱ्याच्या घरात, तोंडावर, मेला म्हणणारा आमच्या तालुक्यातला पहिला मेहुणा मीच असणार. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हुंड्यात मलाच द्यायला हवं होतं. भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी ओढली.

"वर्षा, आवर. पाचची बस आहे."

चार वाजायचे होते. चहासुद्धा ठेवला नव्हता. दोन महिने, परीक्षा, बाबांचं धोरण, सगळं मी एका वाक्यात जाळलं होतं. मी घाईघाईनं पानं उलटली आणि पुटपुटलो, की वैद्य बाहेर होता, तो वाचला आहे आणि त्याला मेलेल्यांना उठवता येतं.

वर्षानं पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "दादा, उठवलंच पाहिजे असं लिहिलं आहे का?"

"नाही. वैद्याची मर्जी."

"मग माझी मर्जी परीक्षेनंतर आहे."

भाऊजी पिशवी धरून तसेच राहिले. "हे तू खेळातलं बोलून राहिली का खरं?"

"तुमी खेळातले मेले का खरे?"

भाऊजी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्या कागदावरच्या त्या दाराकडे पाहत राहिले. खजिना दोन पावलांवर होता. विषय काढायला बाबांनी चहाची वाट पाहिली नाही. ते सतरंजीवर चक्क आडवे झाले आणि म्हणाले, "हो म्हणा जवाईबापू. कवापासून मरून पडलो आहो."

भाऊजींना हसू आलं. त्यांनी पिशवी ठेवली आणि तिथूनच आपल्या आईला फोन लावला. वर्षा परीक्षा देऊनच येईल, असं त्यांनी सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. भाऊजी म्हणाले, "मी काय करू, माय? अडकून पडलो आहो." फोन ठेवला तसं वर्षानं त्यांना उठवलं. मग आमच्या आईला. बाबांना सगळ्यात शेवटी, चहा झाल्यावर.

आता भाऊजी दर रविवारी येतात, वर्षाला भेटायला आणि खजिना शोधायला. ती आतल्या खोलीत अभ्यास करते आणि आम्ही खेळतो. गोष्ट मात्र बाबा सांगतात, कारण माझ्या हाती खेळ देणं जावयाच्या जिवाला बरं नाही असं घरात ठरलं. मला त्यांनी जादूगाराचा घोडा केलं आहे. मागच्या रविवारी नदी लागली, सामान जास्त झालं, आणि घोडा सोडून द्यायचा की नाही यावर मतदान झालं. मी हात वर केला, तर बाबांनी तो खाली करायला लावला. घोड्याला मत नसतं, हा नियम त्यांनी सकाळीच लिहून ठेवला होता.