हारुझेमीचा फोन उचलणाऱ्या मुराईबाई

हात्सुए मुराई यांना "माहीत नाही" असं म्हणता येत नसे. जीभ जड होती म्हणून नव्हे, फारच हलकी होती म्हणून. तरुणपणी त्या पर्यटकांच्या बसवर गाइड होत्या. पांढरे हातमोजे, डोक्यावर कलती टोपी, हातात माइक. बस तातेयामाच्या घाटात शिरली की वर्षातले निम्मे दिवस बाहेर नुसतं धुकं. पण तिकीट काढून आलेल्या माणसांना धुक्याच्या भरवशावर सोडून कसं चालेल? मग बाई हात डावीकडे करून सांगत, "ती पाहा बर्फाची भिंत, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेलं ते शिखर." माणसं धुक्याकडे बघून "वा वा" म्हणत. ओसाकाच्या एका आजोबांनी तर त्या धुक्याचा फोटोसुद्धा काढून घेतला.

पुढे लग्न झालं, बस सुटली. नवरा ताकाओका गावातल्या एका घंटा ओतणाऱ्या कारखान्यात होता. माणूस भला, पण दिवसभर धातूचा आवाज ऐकून घरी आला की त्याला कुणाचाच आवाज नको असे. मुलगी शिकायला नागोयाला गेली आणि बाईंना बोलायला भिंती तेवढ्या उरल्या. भिंतीही कंटाळल्या असाव्यात, कारण एका संध्याकाळी नवऱ्याने जेवता जेवता चक्क एक पूर्ण वाक्य उच्चारलं.

"कुझुमाकीच्या धाकट्याला फोनवर बोलायला माणूस हवंय म्हणे."

"कशाबद्दल बोलायला?"

"ते काही विचारलं नाही मी."

दुसऱ्या दिवशी बाई तिथे हजर.

तेत्सुरो कुझुमाकी हा घरातल्या देव्हाऱ्यांचं सामान विकणाऱ्या जुन्या दुकानदाराचा धाकटा मुलगा. दुकान अर्थातच थोरल्याकडे गेलं. धाकट्याने दुकानातल्या घंटा आणि समया मोजायला कॉम्प्युटर आणला, मोजून झाल्यावर काय करायचं म्हणून त्यावर खेळ बनवायला लागला, आणि मोजायचं राहूनच गेलं. भावाच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत त्याने कंपनी काढली. नाव ठेवलं हारुझेमी, म्हणजे उन्हाळ्याची वाट न पाहता वसंतातच गाऊ लागणारा सिकाडा जातीचा एक किडा. वडील म्हणाले, "मोसम यायच्या आधीच बोंबलणारा. नाव शोभतंय तुला."

कंपनीत पाच माणसं होती आणि दाढी करायला वेळ मिळेल असं त्यात एकही नव्हतं. तोक्योच्या एका मोठ्या कंपनीने त्यांच्याकडून घरच्या टीव्हीवर खेळायचा एक खेळ करून घेतला होता. कोसामे-मारू नावाची छोटी नाव घेऊन बेटाबेटांवरून हिंडायचं आणि समुद्रात बुडालेली एक घंटा शोधायची. खेळाच्या खोक्यावर तोक्योच्या कंपनीचं नाव ठसठशीत. हारुझेमीचं नाव भिंग घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. मात्र खेळात अडलेल्या पोरांची तोंडं बंद कोण करणार, हा प्रश्न आला तेव्हा तोक्योवाल्यांना हारुझेमीची आठवण झाली. माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर "काही अडल्यास" असं लिहून खाली ताकाओकाचा फोन नंबर छापला. त्या दिवसापासून फोनला दम खायला फुरसत नव्हती.

प्रोग्राम लिहिणाऱ्या ओगिताने पहिल्या दिवशी बाईंना भिंतीवरचा एक मोठा नकाशा दाखवला. ओगिता म्हणजे काड्यांवर चढवलेला सदरा. सगळा खेळ त्याच्या डोक्यात होता आणि डोकं बहुतेक वेळ टेबलावर.

"मुराईसान, ही बेटं, ही गावं. पोरं विचारतील ते सगळं यात आहे. नसेल ते मला विचारा."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी असतोच."

ते खरं होतं. तो असायचाच, टेबलाखाली, कोटाची उशी करून. पण असणं आणि जागं असणं यात फरक पडतो, हे बाईंना पहिल्याच आठवड्यात कळलं.

बाईंनी तो खेळ कधी हातात धरला नाही. त्यांना त्याची गरजच वाटली नाही. नकाशा म्हणजे बसचा रस्ता, आणि फोनवरचं पोर म्हणजे खिडकीजवळचा प्रवासी. "हं, बाळ, आत्ता कुठे उभा आहेस? देवळासमोर? मग देवळाकडे पाठ कर. उजव्या हाताला मासळीचा वास येईल." टीव्हीतून वास येत नाही, ही बारीकसारीक गोष्ट त्यांनी मनावर घेतली नव्हती, आणि गंमत म्हणजे पोरांनीही नाही. काही पोरं तर खेळ संपवून झाल्यावरही फोन करत, समुद्र कसा आहे ते ऐकायला.

मग एके सकाळी सादो बेटावरून फोन आला. आवाज पोराचा नव्हता. तोकुमासु नावाचे गृहस्थ, फेरीबोटीवरचे निवृत्त कप्तान. सुट्टी संपल्यावर नातू गेला आणि खेळ त्यांच्या घरी राहिला. हवामानाच्या बातम्यांखेरीज टीव्हीवर काही न बघणारे कप्तान आता दिवसभर त्या नावेत बसून होते.

"बाई, शेवटच्या बेटाला नाव लागतच नाही. प्रवाह मागे ढकलतो. चाळीस वर्षं बोट चालवली मी, असा अपमान कधी झाला नाही."

बाईंनी नकाशा बघितला. शेवटच्या बेटापाशी ओगिताने काहीच लिहिलं नव्हतं. टेबलाखाली बघितलं. ओगिता घोरत होता. आता कुणीही शहाणं माणूस म्हणालं असतं, जरा वेळाने फोन करा.

"कप्तानसाहेब," बाई म्हणाल्या, "अलीकडच्या बेटाच्या टोकाला देवदाराचं एक जुनं झाड आहे, दिसतंय? त्याच्याखाली नाव लावा आणि थांबा. वारा फिरला की निघा."

"किती वेळ थांबायचं?"

"ते वाऱ्यावर आहे. तुम्हाला हे मी सांगायचं का?"

 मग कप्तान म्हणाले, "पहिल्यांदा कुणीतरी समुद्र कळणारं भेटलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. नाश्त्यानंतर नाव लावली ती संध्याकाळच्या आंघोळीच्या वेळेपर्यंत, वारा काही हलला नाही. बाईंनी त्यांना धीर धरायला सांगितलं. त्यानंतर ते रोज फोन करून हवामान कळवू लागले. वारा नाही. वारा नाही, पण लाटा छान काढल्यात. वारा नाही, सुनेने विचारलं की बाबा काय बघताय, तर मी सांगितलं, ड्यूटीवर आहे.

आता मात्र बाईंनी ओगिता जागा व्हायची वाट बघितली. ओगिता कोटावरून उठून शेवया उकळत होता, तेव्हा त्या त्याच्यासमोर जाऊन बसल्या.

"ओगितासान, त्या देवदाराखाली वारा कधी फिरतो?"

"कुठला वारा?"

"समुद्रावरचा."

"या खेळात वारा नाहीये, मुराईसान. समुद्र हलतो तो मी हलवतो. शेवटच्या बेटाला जायला गावातल्या म्हातारीकडून मोठं शीड घ्यावं लागतं."

"ते नकाशावर लिहायचं नाही का?"

"लिहिणार होतो. झोप लागली."

"मग आता वारा घाला."

ओगिताने शेवयांतून मान वर केली. "खेळाची कॅसेट एकदा बनली की बनली. तुमच्या यजमानांनी ओतलेली घंटा परत मऊ होते का?"

"होते की. भट्टीत घातली की होते."

 ओगिताने शेवया ओढल्या.

बाईंचं नशीब असं जोरावर की त्याच महिन्यात पहिल्या कॅसेटी संपल्या आणि तोक्योने आणखी बनवायला सांगितल्या. कुझुमाकी वर येऊन म्हणाला, "ओगिता, चुका राहिल्या असतील त्या आताच काढून टाक." ओगिताने चुका काढल्या आणि वारा घातला. बाई सारख्या मागे लागल्या म्हणून घातला, असं तो सगळ्यांना सांगत होता. पण त्या दिवसांत त्याने चक्क दाढी केली होती, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

भांडण झालं ते वेळेवरून. ओगिताचं म्हणणं, चहाचा कप संपेल इतका वेळ थांबलं की वारा फिरावा.

"इतक्यात?" बाई म्हणाल्या. "कप्तानांनी किती दिवस काढलेत, आणि आता कुणीही सोम्यागोम्या येऊन चहाबरोबर वारा घेऊन जाणार?"

"पोरं कंटाळतील हो."

"कंटाळू देत की. बसमध्ये कंटाळतात तेव्हाच बाहेर बघतात."

शेवटी जेवण होईल इतक्या वेळावर तडजोड झाली. नवी कॅसेट सादोला रवाना झाली. काही दिवसांनी फोन वाजला. बाईंनी उचलला. पलीकडून कप्तान इतक्या हळू बोलले की बाईंना रिसीव्हर कानात खुपसावा लागला.

"बाई, फिरला."

"मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणताना बाईंचा आवाज तसूभरही हलला नाही. फोन ठेवल्यावर मात्र त्या मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होत्या.

गोष्ट इथे संपली असती तर बाईंना बढती मिळाली असती. पण अर्ध्या देशाकडे जुनी कॅसेट होती आणि अर्ध्याकडे नवी. शाळाशाळांतून मारामाऱ्या जुंपल्या. वारा फिरतो म्हणणाऱ्यांना बाकीचे खोटारडे म्हणू लागले, आणि बाकीच्यांनी वारा फिरवून दाखवायचाच म्हणून टीव्ही अडवून धरले. सेंदाईच्या एका आईने फोन करून विचारलं, "आमचा मुलगा घरात कोणाला हलू देत नाही, वारा जाईल म्हणतो. मी स्वयंपाक करू की नको?" नव्या कॅसेटी सगळ्यांना पाठवणं हारुझेमीच्या आवाक्याबाहेरचं होतं. बाई पोरांना तोवर शिडाची वाट सांगत राहिल्या, पण शीड कुणालाच नको होतं. सगळ्यांना वारा हवा होता.

मग तोक्योहून कातागिरी नावाचे गृहस्थ आले. सूट असा कडक की बसताना आवाज यावा. कुझुमाकी त्यांच्यापुढे इतका वाकला की त्याचा चष्मा चटईवर पडला.

"हा वारा कुणाला विचारून घातला?" कातागिरींनी शांतपणे विचारलं.

ओगिताने खिडकीबाहेर बघितलं. बाई चहा घेऊन आल्या होत्या. खरं तर चहा ठेवून जायचं होतं.

"माझ्यामुळे घातला," त्या म्हणाल्या आणि बसल्याच. मग त्यांनी सगळं सांगितलं, सादोच्या हवामानासकट.

कातागिरींनी ऐकून घेतलं. "तुम्ही हा खेळ खेळलाय का?"

"नाही."

"मग उत्तरं कशी देता?"

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी "एक मिनिट हं" म्हणून तो उचलला आणि पलीकडच्या पोराला बेटावरच्या विहिरीपासून डोंगरावरच्या गुहेपर्यंत नेऊन सोडलं, वाटेत करवंदांसारखी काहीतरी आंबट फळंही खायला घातली. कातागिरी चहा हातात धरून ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "फळं आहेत का तिथे?"

"नाहीत," ओगिता म्हणाला.

कातागिरी जाताना दारात थांबले आणि बाईंना व्यवस्थित वाकून नमस्कार करून गेले. खेळाचा दुसरा भाग मात्र त्यांनी ओसाकाच्या कोणालातरी दिला. कातागिरी सज्जन होते, पण नोकरी त्यांनाही होती.

बाईंनी राजीनामा पुढे केला. कुझुमाकीने तो वाचलाही नाही. "आणि फोन कोण उचलणार? मी?" तो म्हणाला. पोरांशी बोलताना त्याला घाम फुटायचा.

पुढचं वर्षभर हारुझेमी पुन्हा घंटा आणि समया मोजत होती. थोरला भाऊ खूश होता, त्याचं गोदाम पहिल्यांदाच ठीकठाक लागलं. फोन तुरळक येत होते. अशाच एका दुपारी कुझुमाकी बाईंच्या पाठीमागे उभा राहून ऐकत होता. बाई कुठल्यातरी पोराला तातेयामाच्या घाटातून नेत होत्या. खेळाशी त्याचा काही संबंध नव्हता. पोराला ताप आला होता आणि त्याला शाळेच्या सहलीला जाता आलं नव्हतं, म्हणून त्याने फोन केला होता.

"ओगिता," कुझुमाकी खोलीत येऊन म्हणाला, "कॅसेटवर धुकं दाखवायला किती जागा लागते?"

"काहीच नाही. पांढरं ठेवायचं."

"मग आपल्याला परवडेल."

असा "धुक्यातली बस" हा खेळ जन्माला आला. शत्रू नाही, तलवार नाही, बाहेर काही दिसत नाही. गाइड सांगते त्यावरून बस कुठे आहे ते ओळखायचं. बाई बोलत आणि ओगिता टिपून घेई. त्याच्या नाकी नऊ आले, कारण बाई एक वाक्य दुसऱ्यांदा तसंच म्हणतील तर शपथ.

"काल या वळणावर धबधबा होता, मुराईसान."

"काल पाऊस होता ना."

"कुठे पाऊस होता?"

"असायला हवा होता. नाहीतर धबधबा कसा असेल?"

खेळ स्वतःच्या नावाने निघाला. खोक्यावर हारुझेमी, ठसठशीत. एका मासिकाने लिहिलं की यात काहीच दिसत नाही. ते खरंच होतं. तो फार खपला नाही. पण निवृत्त गाइड बायकांनी एकमेकींना दिला, आजारी मुलांच्या वॉर्डांतून मागणी आली, आणि पुढचा खेळ करता येईल इतपत तो चालला. हारुझेमी त्यापुढेही तशीच चालली, पुढचा खेळ करता येईल इतपत.

खेळ निघाल्यावर कप्तान तोकुमासु स्वतः ताकाओकाला आले, बरोबर वाळवलेल्या माकुल माशांची पिशवी घेऊन. दारात उभे राहून त्यांनी बाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"फोनवर उंच वाटला होतात."

"फोनवर सगळेच उंच वाटतात. तुम्ही तर जिन्यातल्या पावलांच्या आवाजावरूनही उंच वाटलात, चढून आल्यावर कळलं."

कप्तान टीव्हीसमोर बसले. ओगिताने त्यांना बस सुरू करून दिली. दुसऱ्या वळणावर त्यांनी हातातला कंट्रोलर खाली ठेवला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मला गाडी लागते," कप्तान म्हणाले. "बोट कधी लागली नाही."

बाईंनी त्यांना खिडकीपाशी नेऊन बसवलं, आलं घातलेला चहा दिला, आणि पुढचं वळण अन् वळण तोंडानेच सांगितलं. कप्तान डोळे मिटून ऐकत होते. निघताना म्हणाले, हा प्रकार बरा आहे, टीव्ही लागत नाही.

पुढे पोरं उत्तरं इंटरनेटवर शोधू लागली आणि फोन गप्प झाला. बाई एका हिवाळ्यात निवृत्त झाल्या. कुझुमाकीने सगळ्यांना जेवायला नेलं, मुळा घालून शिजवलेला बुरी नावाचा मासा, गरम भात, आणि गरम साके, म्हणजे तांदळाची दारू. ओगिताने नवा सदरा घातला होता. बाईंचे यजमानही आले होते आणि कोपऱ्यात आनंदाने गप्प बसले होते. कुझुमाकी म्हणाला, मुराईसान दोन शब्द बोलतील. बाई उभ्या राहिल्या. मासा निवला, भात निवला, साके दोनदा परत गरम करून आणावी लागली. कुझुमाकीने मधेच एकदा टाळ्या वाजवून पाहिल्या. बाईंनी मान लववून त्याचे आभार मानले आणि पुढे सुरू केलं.