न येणाऱ्या गोष्टींची यादी

डोंबिवलीच्या घरात फ्रिजवर आईने एक कागद लावला होता. वर लिहिलं होतं, ‘हिला येतं’. खाली माझ्या धाकट्या बहिणीला येणाऱ्या गोष्टी : वेणी घालणं, मेथी निवडणं, कप विसळणं, सही करणं. बहीण बेचाळीसची, समज पाच-सहा वर्षांची. एखादी गोष्ट जमायला दोन-दोन वर्षं लागत, मग ओळ वाढे. आईचा दंडक होता, बाहेरच्यांपुढे हिला येतं तेवढंच सांगायचं. येत नाही ते घरात.

आई गेली. मी नोकरीला जाताना तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावू लागले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

कल्याणला अशा मोठ्या मुलामुलींसाठी एक कार्यशाळा आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, “चाळीस टक्क्यांचं अपंगत्व प्रमाणपत्र आणा, लगेच घेते.” मी फाइल केली. आधार, रेशनकार्ड, फोटो, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. आठवडाभर तिच्याकडून नाव-पत्ता घोकून घेतला. ठाण्याला तपासणीला नेताना इस्त्रीचा ड्रेस घातला.

तिने पिनकोडसकट पत्ता सांगितला. सही केली. पुढचे प्रश्न मला होते. स्वयंपाकघरात मदत करतात? “मेथी छान निवडते.” दिवसभर घरी एकट्या राहतात? “राहते की. शहाणी आहे.”

पंचवीस टक्के आले.

फेरतपासणीचा अर्ज द्यायला गेले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी आधीचा कागद वाचला. “मॅडम, तुम्ही दाखला काढायला आलेलात की बहिणीचं स्थळ बघायला? काय येत नाही ते लिहून आणा.”

मी याद्या करणारी बाई आहे. सामानाच्या, औषधांच्या, आईच्या तेराव्याचीसुद्धा केली होती. ही यादी करायला तीन दिवस लागले. गॅस बंद करता येत नाही. रस्ता ओलांडता येत नाही. पाळी आल्याचं सांगता येत नाही. दुखलं तर कुठे ते दाखवता येत नाही. आई गेली हे कळत नाही, चार वाजले की तिची वाट बघत दाराशी जाऊन उभी राहते. शेवटी कुलूपही लिहिलं.

दुसऱ्या वेळी ती माझ्या शेजारी मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मी वाचत होते, समोरचे डॉक्टर लिहून घेत होते. सातव्या-आठव्या ओळीला तिने माझी ओढणी ओढली.

“ताई, वेणी येते ना मला.”

“हो गं. येते.”

“मग सांग ना त्यांना.”

मी पुढची ओळ वाचली. तिने आणखी एकदा ओढणी ओढली आणि मग सोडून दिली.

त्या वेळी पन्नास टक्के आले, अपंगत्वाचं कार्डही आलं. आता ती रोज कार्यशाळेच्या गाडीने जाते, कागदी पिशव्या करते. तिला आत ठेवून कुलूप लावावं लागत नाही. जे हवं होतं ते सगळं झालं.

पण तपासणीच्या त्या दिवशी घरी आल्यावर मी हातपाय धुवायला गेले. बाहेर आले तर ती फ्रिजपाशी उभी. आईच्या अक्षरातला कागद तिने काढला होता. तिला वाचता येत नाही, पण तो कागद कसला आहे ते तिला पक्कं ठाऊक आहे. तो तिने माझ्यापुढे धरला.

“ताई, तू चुकीचा कागद नेलास.”