एका पानाची अट

मंडळी, आज दुपारी माझ्या पहिल्या कादंबरीचा सारांश लिहून संपवला. प्रकाशकाची अट होती, शेवटासकट सगळी गोष्ट एका पानात हवी.

कादंबरी बहात्तरच्या दुष्काळातली, शिरूरकडं खडी फोडणाऱ्या बायांची. माझी आई त्यांच्यातलीच. तिला वाचता येत नाही, म्हणून दौंडच्या घरी ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं.

ऐकून म्हणाली, "आन् माझी पोर? कामावर झोळीतच गेली ती."

"पुस्तकात हाय गं. हितं जागा पुरली न्हाई."

"एका वळीत बसंल की. तिचं तर नाव बी ठिवलं नव्हतं."

त्याच पानात, काम बघायला आलेल्या साहेबाच्या जीपला मी चार ओळी दिल्यात. सांगा, कुठल्या तोंडानं पाठवू?