बागेतला नळ

"तिकडे बागेत नळ आहे. ताट तिथेच घासून ठेव."

बसवनगुडीतल्या त्या घरात मी गिटार वाजवायला गेलो होतो. बोटात काचेची नळी घालायची, ती तारांवर सरकवायची आणि मिसिसिपीकाठच्या काळ्या मजुरांचं ब्लूज वाजवायचं, यातच माझी वर्षं गेली. घरमालक या कानडी शहरातले पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी. ब्लूजच्या रेकॉर्डींनी भिंत भरलेली. दारात म्हणाले, "या अण्णा, या! आधी जेवण, मग बैठक, सरी? चालेल ना?"

जेवताना विचारपूस झाली.

"कुठले तुम्ही?"

"निपाणीकडचा."

"घरात संगीत होतं?"

"बाप हलगी वाजवायचा. वरातीत."

त्यानंतरचा भात माझ्या ताटात लांबून पडला.

मग मालक पाहुण्यांना सांगू लागले. तिकडच्या काळ्या वादकांना गोऱ्यांच्या घरात मागच्या दारानं घ्यायचे. जेवण बाहेर द्यायचे. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. त्याचीच मला जास्त चीड येते.

जेवण झालं. सगळे ताटं टेबलावर सोडून उठले. माझ्या हातानं मात्र आपसूक ताट उचललं. बाप असंच उचलायचा. वरातीच्या पुढे वाजवत जायचा, मांडवाच्या दाराशी थांबायचा, बाहेर जेवायचा, ताट घासून पालथं घालायचा. मीही त्याच्याशेजारी बसून घासलंय. शहर बदललं, वाद्य बदललं, हात तोच. मालकांनी तो हात बरोबर ओळखला. नळ दाखवला.

नळापर्यंत गेलोही. पाणी सोडलं. आणि अंगाची आग झाली. खरकटं ताट तसंच आत आणलं, सगळ्यांच्या ताटांशेजारी ठेवलं.

"हे तुम्ही घासा. मग वाजवतो."

मालक म्हणाले, "स्वल्प समजून घे रे. आमच्याकडे जातपात कुणी मानत नाही."

गिटार उचलली. पुढच्या दारानं निघालो.

मी वाजवायचो तो महादेवपुऱ्यातला पब मालकांच्या भाच्याचा. तिथलं माझं वाजवणं बंद झालं. 'डोकं फिरलेला' ही ख्याती बाकीच्यांकडेही पोचली. के. आर. पुरमच्या खोलीत एकटाच वाजवत बसतो. वैताग येतो. तारा तुटतात.

पण बोलावणं आलं की आधीच सांगतो. पहिलं नाव बापाचं घेणार. त्याच्या हलगीचा ठेका गिटारच्या लाकडावर वाजवणार. जेवणार तर सगळ्यांच्या पंगतीत, आणि ताट घासायचं तर सगळ्यांनी घासायचं. जमत नसेल तर रेकॉर्ड लावा. तिला जेवायला वाढावं लागत नाही.