पेंटरकाकांच्या जहाजाची दुसरी बाजू

पेंटरकाकांना रस्त्याने सरळ चालता येत नसे. पाय शाबूत होते, डोळेच ऐकत नसत. संपलेला लायटर, दात पडलेला कंगवा, पेनाचं टोपण, काहीही दिसलं की काका वाकलेच.

"अहो, चला की!" काकू म्हणायच्या. "देवाने माणूस म्हणून पाठवलंय, कोंबडी म्हणून नाही!"

काका टोपण शर्टाला पुसत, उजेडात धरत आणि म्हणत, "अगं, इंजिन आहे हे."

हात त्यांचा पाट्यांवर बसलेला. उभ्या बाजारातली बहुतेक दुकानं त्यांच्याच अक्षरात बोलायची. पण उतारवयात जीव जडला तो आकाशातल्या जहाजांवर. दर रविवारी सुताराच्या कारखान्याच्या माडीवर चार टाळकी जमत. मोठ्या टेबलावर काळं कापड पसरलं की झालं आकाश. त्यावर वीतभर लांबीची जहाजं मोजपट्टीने सरकवायची, फासे टाकायचे आणि एकमेकांना बुडवायचं. आकाशात जहाज बुडतं कसं, असं काकूंनी एकदा विचारलं होतं. उत्तर अजून यायचं होतं.

बाकीचे तयार जहाजं विकत आणत. काकांना ते म्हणजे विकतचं लेकरू मांडीवर घेण्यासारखं वाटे. ते शांपूच्या बाटलीतून जहाज काढत. प्लास्टिकची पट्टी कापून, घासून, फुंकर मारून चिकटवत. सुईच्या टोकाने खिडक्या टोचत आणि मग त्या प्रत्येक खिडकीत पिवळ्या रंगाचा एवढासा ठिपका ठेवत, जणू आत कुणी दिवा लावून जागं आहे. काम सावकाश चाले. फळाला पिकायची घाई नसते, तशी काकांनाही नव्हती.

एक अट मात्र त्यांनी भांडून घालून घेतली होती: जहाजावर जे दिसेल, तेच लढेल. तोफ दिसली तर तोफ, नाही तर नाही. नुसतं मानून चालायचं नाही. ती अट त्यांनी स्वतः झोकदार अक्षरात रंगवून माडीच्या भिंतीवर ठोकली होती.

त्या वर्षी त्यांनी सगळ्यात मोठं जहाज बांधलं. रिफिलच्या नळ्यांच्या तोफांची रांगच रांग, धुराने काळवंडलेली कड, गंजाचे ओघळ. ते बघून त्या चौघांतल्या औषधवाल्याने डिवचलं, "काका, हे युद्धाला निघालंय की भंगारात?"

काकांचं नाक लाल झालं. "लेका, हरलो तर जहाज तुझं. ठेव तुझ्या दुकानाच्या काचेत!"

"आणि मी हरलो तर?"

"तर तू स्वतःच्या हाताने एक बांधायचंस."

सगळे हसले, पण औषधवाला जरा गंभीर झाला. त्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नव्हता.

रविवारी डाव रंगला. काकांच्या तोफांनी औषधवाल्याची दोन जहाजं उडवली. सुतार पंच होता. तो म्हणाला, "औषधवाले, खिळे-हातोडी आणून देऊ का?" पण औषधवाल्याने आपलं उरलेलं जहाज लांबून वळसा घालून काकांच्या जहाजाच्या पलीकडे नेलं, टेबलाला फेरी मारली आणि वाकून पाहिलं.

"काका, या बाजूच्या तोफा कुठायत?"

ती बाजू कोरी होती. हिरवीगार, गुळगुळीत बाटली, वर लेबलाचा चिकट डाग. जन्मभर काकांनी एकच बाजू रंगवली होती. पाटीची पाठ भिंतीकडे असते, ती कोण बघतं?

"तोफा आहेत असं धरून चाल की," काका पुटपुटले.

सुताराने नुसतं भिंतीवरच्या अटीकडे बोट केलं.

जहाज बुडालं.

दुसऱ्या दिवशी काका मुद्दाम औषधाच्या दुकानावरून गेले आणि जागीच थिजले. काचेत जहाज होतं, पण कोरी बाजू रस्त्याकडे.

"अरे, उलटं ठेवलंस!"

"ज्या बाजूने जिंकलो, ती दाखवतोय."

"चार दिवस दे. पुरं करून आणतो."

"छे! पैजेचं जहाज उंबरा ओलांडणार नाही."

काका तरातरा घरी गेले. औषधवाल्याला वाटलं, रुसले. तासाभराने ते अवजारांची पेटी घेऊन हजर. "उंबऱ्याच्या आत चालेल ना?" म्हणाले आणि काउंटरच्या कोपऱ्यात स्टूल ओढून बसले.

मग दुकानात गंमतच झाली. खोकल्याचं औषध घ्यायला आलेली माणसं खोकणं विसरून बघत राहू लागली. एक आजीबाई रोज वजन करायला येऊ लागल्या आणि वजन न करताच जाऊ लागल्या. औषधवाला आधी कुरकुरला, मग हळूच दिवा जवळ सरकवू लागला. एकदा काकांनी त्याच्या हातात चिमटा देऊन म्हटलं, "धर, तोफ बसव." त्याने बसवली. वाकडी बसली.

"राहू दे," काका म्हणाले. "युद्धात वाकली म्हणू."

शेवटी सगळं झालं. दोघांनी जहाज उचलून या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. औषधवाला खुशीत म्हणाला, "आता कुठूनही या!"

काकांनी जहाज वर धरलं आणि खालून पाहिलं. पोट कोरं होतं.

काकांनी औषधवाल्याकडे पाहिलं. औषधवाल्याने एक सुस्कारा सोडला आणि कोपऱ्यात परत लावलेलं स्टूल पुढे ओढलं.