चौतीसशेजवळचा फुगवटा

आमच्या प्रयोगशाळेत चौतीसशेजवळच्या फुगवट्याबद्दल कुणी दुसऱ्यांदा प्रश्न विचारत नसे. नवं पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात विचारायचं. कुणीतरी सांगायचं, "हवेतली ओल आहे, सोडून दे." पुढच्या वर्षी तेच पोरगं हेच उत्तर मागून आलेल्याला द्यायचं.

प्रकार साधा आहे. पदार्थाची चिमूटभर भुकटी एका पांढऱ्या क्षारात कुटायची, यंत्रात दाबून तिची पातळ चकती करायची आणि चकतीतून अवरक्त किरण सोडायचे. पदार्थात अणू एकमेकांना कसे बांधलेले आहेत त्याप्रमाणे आलेखावर ठरावीक आकड्यांपाशी खुणा उमटतात. पाणी असेल तर चौतीसशेच्या आसपास रुंद फुगवटा येतो. पण तो पांढरा क्षार मुळातच ओल शोषणारा, आणि आम्ही समुद्राच्या कुशीत. त्यामुळे फुगवटा सगळ्यांच्याच आलेखात. त्याचं कुणाला काही वाटत नसे, मलाही नाही.

माझं या क्षेत्रात जे काही नाव आहे ते तांब्याच्या एका निळ्या संयुगामुळे. उमेदीच्या काळात मी त्याचे स्फटिक वाढवले, बाटलीतला एक सुरेख, कंगोरेदार स्फटिक सुईने उचलला आणि क्ष-किरणांसमोर धरला. स्फटिकावर आपटून किरण कुठे कुठे विखुरतात हे मोजलं, की आतले अणू कसे मांडलेत ते काढता येतं. माझ्या स्फटिकात तांब्याभोवती चार शेजारी निघाले. पाणी औषधालाही नव्हतं. त्यावर निबंध छापला, बढती मिळाली, लोक उल्लेख करू लागले. पुढे माझ्या हाताखाली जी मुलं आली ती त्याच संयुगाची भावंडं तयार करत राहिली.

शेवटची विद्यार्थिनी विरारची, मनवेलपाड्यात राहणारी. हुशार, पण चिकट. एकदा धरलं की सोडायची नाही. प्रबंध द्यायला महिना उरला असताना ती दोन आलेख घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"मॅडम, मी तुमचं जुनं कंपाउंड परत बनवलं. एक क्रिस्टल तुमच्यासारखाच आहे, एकदम सेम. पण बाकीची सगळी पावडर मॅच होत नाहीये. आणि हा चौतीसशेचा हंप बघा ना. मला वाटतं तांब्याला पाचवा शेजारी आहे. पाणी."

माझा राग नाकावर. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं! हात ओले ठेवून चकत्या करतेस आणि माझा निबंध चुकीचा?"

"मी ओव्हनमध्ये सुकवलंय, मॅडम."

"चकती दाबताना परत ओल धरली असेल."

"मग मला कोरड्या पेटीत करू द्या. तेलात घोटून. हवाच लागणार नाही."

मी नाही म्हटलं. पेटी दुसऱ्या कामासाठी हवी आहे, असं सांगितलं. ते खोटं होतं, आणि तिला कळलं असावं. ती आलेख टेबलावर ठेवून गेली.

तिचं म्हणणं खरं असेल तर मी बाटलीतला जो देखणा स्फटिक उचलला तोच तेवढा वेगळा होता. शंभरातला एक. रचना बरोबर काढली होती, पण ती बाकीच्या नव्व्याण्णवांची नव्हती. म्हणजे माझा निबंध गेला. आणि ते दडपायचं तर तिने प्रबंधातलं अख्खं प्रकरण काढून टाकायचं, नाहीतर त्यात माहीत असून खोटं लिहायचं. माझ्या सहीशिवाय प्रबंध पुढे जाणार नव्हता.

तो आठवडा मी तिच्याशी कामापुरतंही नीट बोलले नाही.

रविवारी घरी, वसईला, आत्या सुकेळ्यांपाशी बसली होती. आमच्या वाडीत राजेळी केळीची थोडी झाडं अजून आहेत. पिकलेली केळी सोलून कारवीच्या तट्ट्यावर दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, मग सुक्या पानात बांधायची, ती सुकेळी. आदल्या दिवशी आभाळ आलं होतं, त्यामुळे माल चिकट लागत होता. मी वरचं एक उचललं, दाबून पाहिलं आणि म्हटलं, "झालंय की, बांधून टाक."

आत्या आमच्या घरच्या बोलीत बोलते, मी इथे साध्या मराठीत लिहिते. ती म्हणाली, "वरचं तर कुणीही चांगलं म्हणेल. एवढी शिकलीस ना?" तिने ढिगात हात घालून मधली चार सुकेळी काढली आणि पत्र्यावर उन्हात टाकली. "बाहेरची ओल असली तर एका उन्हात जाते. आतली असली तर संध्याकाळी पुन्हा घाम फुटतो."

हे मला लहानपणापासून माहीत होतं. या पत्र्याशेजारी बसून मी शाळेचा अभ्यास केलाय. संध्याकाळी दोन कोरडी राहिली, दोनांना घाम फुटला. आत्याने सगळा ढीग पुन्हा तट्ट्यावर पसरला आणि मला शिव्या घातल्या. मला जेवण गेलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

सोमवारी मी विद्यार्थिनीला काही न सांगता माझ्या कपाटातली जुनी बाटली काढली. माझ्याच हातची, तेव्हाची. तळातली भुकटी घेतली, सुकवली, कोरड्या पेटीत तेलात घोटली आणि आलेख काढला. चौतीसशेजवळ फुगवटा जागच्या जागी होता. उलट हवेतल्या ओलीचा पसारा गेल्यामुळे जास्तच रेखीव दिसत होता.

तिला बोलावून आलेख दाखवला. ती खुर्ची ओढून बसली. मी म्हटलं, "प्रकरण आहे तसं ठेव. सही करते. निबंध छापला त्या नियतकालिकाला मी पत्र लिहिते." तिचे डोळे भरले. मला असले प्रसंग जमत नाहीत, म्हणून मी तिला चहा सांगायला पाठवलं.

पत्र लिहायला ते संयुग तेव्हा नेमकं कसं केलं होतं ते हवं होतं. जुनी वही शोधली. आमच्या वह्या इंग्रजीत असत, पण स्वतःसाठीच्या टिपा मी मराठीत लिहायची. आलेख चिकटवलेलं पान सापडलं. फुगवट्याच्या शेजारी पेन्सिलने, माझ्या अक्षरात लिहिलं होतं: "पाणी? सुकवून पुन्हा बघणे." त्याखाली काही नाही. पुढच्या पानावर थेट स्फटिक निवडल्याची नोंद.

ती वही मी दोन दिवस खणात ठेवली. पत्र मात्र लिहून काढलं. "अलीकडे आमच्या लक्षात आले की" अशी सुरुवात केली. विद्यार्थिनीचं नाव पहिलं घातलं, चूक कुठे झाली ते लिहिलं आणि तिला वाचायला दिलं.

"मस्त आहे मॅडम," ती म्हणाली. "एकदम क्लिअर."

मग मी खण उघडला आणि वही तिच्यापुढे ठेवली. का ठेवली ते सांगता येत नाही. तिने पान वाचलं. पुढचं पान उलटलं, पुन्हा मागे आली.

"हे कुणाला दाखवायची गरज नाहीये," ती हळूच म्हणाली. "कुणी विचारणार पण नाही. तुम्ही विसरला असाल."

"विसरले नव्हते."

"मग सुकवून बघितलं का नाही?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मी म्हटलं, "भीती वाटली गं. सुकवल्यावरही फुगवटा राहिला असता तर?"

मग तिने टेबलावरचं माझं पेन उचललं, टोपण काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"मग 'अलीकडे' काढा, मॅडम."

मी काढलं.