छोट्या दिवाळीची मोजणी

दिल्लीजवळच्या मानेसरच्या एका क्रीम-लोशनच्या कारखान्यात गिरिजा बापट चौदा वर्षं लोकांच्या हातांवरचा ओलावा मोजतेय. बाईला वीस मिनिटं थंड खोलीत बसवायचं, मग कोपराखाली पेनासारखं यंत्र टेकवायचं. एका हाताला क्रीम, दुसरा कोरडा. आकड्यांत फरक पडला तर तो क्रीमचा गुण.

तिथलेच अंबादासकाका, मूळचे परभणीकडचे. राजस्थानच्या वाळूत उगवणाऱ्या फोग नावाच्या झुडपाच्या अर्कामागे तीन वर्षं लागलेले. "जे झाड आठ म्हयने पान्याबिगर तगतं, त्याच्यापाशी कायतरी इद्या आसंलच की, गिरिजाबाई!" रिटायर व्हायच्या आत एका तरी डबीवर फोगाचं नाव बघायचं, एवढंच त्यांचं मागणं.

फोगाच्या क्रीमच्या चाचणीला बायका मिळेनात, तेव्हा गिरिजाने दिल्लीतल्या ओळखीच्या वीस मराठी बायका जमवल्या. पहिले तीन आठवडे आकडे झकास आले. काकांनी पेढेसुद्धा वाटले. शेवटची मोजणी, जिच्यावर निकाल ठरायचा, ती आली छोट्या दिवाळीला. ऑफिसला तो कामाचाच दिवस.

"काल रात्रीपासून हाताला दुसरं क्रीम, लोशन काही?" गिरिजाने फॉर्म वाचला.

"छे ग! नवऱ्याचंसुद्धा इतकं कधी ऐकलं नाही," त्यांच्यातल्या सुमित्राताई म्हणाल्या. हसत हसत सगळ्यांनी सह्या केल्या.

दोन्ही हातांचे आकडे सारखे. वीसहीजणींचे. 'फरक नाही', असा अहवाल संध्याकाळी गेला.

भाऊबीजेला ओट्यावरची तेलाची वाटी घासताना गिरिजाचा हात थबकला. इथली छोटी दिवाली म्हणजे आपली नरकचतुर्दशी. पहाटे अंगभर तेल-उटणं चोळून, न्हाऊन त्या वीसजणी आल्या होत्या. ती स्वतःही. म्हणजे कोरडा हात कोरडा राहिलाच नव्हता. अभ्यंगस्नानाला लोशन कोण म्हणतं?

सोमवारी सांगू, असं तिने ठरवलं. सोमवारी साहेबच म्हणाले, "फोग का चैप्टर क्लोज, गिरिजाजी. बिल्कुल क्लीन काम किया आपने." तिने मान डोलावली आणि पुढच्या चाचणीची फाइल उघडली.

मार्चमध्ये काका रिटायर झाले. कंपनीच्या बसपाशी तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

काकांनी खांद्यावरची पिशवी उतरवून हातात घेतली. "माजी माय बी त्या दिशी तेल चोळायची. मलाबी सुचाया पायजे हुतं." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "पन तुमाला दिवाळीतच कळालं ना? मंग इतके म्हयने कामून गप बसल्या, बाई?"

बस सुटली.

आता फॉर्मच्या तळाशी तिच्या अक्षरात एक जादा प्रश्न असतो: तेल-उटणं लावलं का? नव्या मुली विचारतात, "मॅडम, ये उटणं क्या होता है?"

ती सगळं समजावून सांगते. तो प्रश्न कधीपासून आणि कुणापायी विचारायला लागली, तेवढं सांगत नाही.